प्रभार यादीतला अनुक्रमांक चौदा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या नगरपंचायतीचे मुख्याधिकारी आदरणीय रणधीर देशमाने साहेब. व्यासपीठावर बसलेले आपल्या सर्वांचे ज्येष्ठ, गोरोबा गुरुजी. ज्यांच्या गळ्यात आत्ताच हार पडला ते सत्कारमूर्ती, वरिष्ठ लिपिक माणिकप्पा हत्तुरे काका आणि त्यांच्या शेजारी, अगदी खुर्चीच्या काठावर बसलेल्या इरम्माकाकू. वाशीहून, मुरुमहून आणि सास्तूरहून गाड्या काढून आलेले काकांचे पाहुणे. सफाई विभागापासून पाणीपुरवठ्यापर्यंतचे माझे सहकारी. आणि जागा नाही म्हणून दारात उभी राहिलेली गावातली मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगते, मी मंजुषा. पंचवीस वर्षं हत्तुरे काका ज्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलाला बसले, त्या टेबलाला आता मी बसते. सूत्रसंचालक भागवतराव म्हणाले, "मंजुषाताई दोन गोड शब्द बोलतील." शब्द बोलते, गोड किती होतील ते मला सांगता येत नाही. मला भीती वाटतेय. सभेची भीती दोन वाक्यं बोललं की जाते. ही भीती गेले सतरा दिवस आहे आणि जेवायला बसले तरी शेजारी येऊन बसते.

पण आधी काकांविषयी बोलायला हवं. दिवस त्यांचा आहे.

काकांची ओळख एका शब्दात सांगायची तर यादी. दोन दिवसांच्या रजेवर जायचं असलं तरी हा माणूस टेबलाची यादी करून जायचा. पंच मशीन एक, स्टेपलर एक, टाचण्या अर्धी डबी. आम्ही चेष्टा करायचो. "काका, अर्धी डबी म्हणजे किती टाचण्या, तेवढं लिहा." ते मान वर न करता म्हणायचे, "मोजल्या तर लिहीन." आणि कुठल्याही कागदावर सही करायची तर तीनदा वाचायचे. साहेब दारात उभे असोत नाहीतर आमदारांचा माणूस उभा असो, बोट ओळीवरनं हळूहळू फिरायचं. मुलं कॉलेजच्या प्रवेशासाठी दाखल्याला आली की त्यांचा जीव टांगणीला लागायचा, पण काकांनी दिलेला दाखला दुरुस्तीला परत आला, असं झाल्याचं मला तरी आठवत नाही.

भूकंप झाला तेव्हा काका अठ्ठावीस वर्षांचे होते आणि ही ग्रामपंचायत होती. त्यांना सास्तूरकडं नावं लिहायला पाठवलं. अकरा दिवस ताडपत्रीखाली बसून त्यांनी मृतांची नावं लिहिली. एका तरुणाचं नाव सगळे सांगत होते, गेला, लिहून टाका. काका म्हणाले, "दोन माणसांनी डोळ्यानं बघितलं असंल तर लिहितो." तसं बघितलेला एकच निघाला. त्यांनी नाव लिहिलं नाही. पाचव्या दिवशी तो तरुण डोक्याला पट्टी बांधून दवाखान्यातनं चालत आला. ते लिंबाजीदादा आज तिसऱ्या रांगेत बसलेत. दादा, उठू नका, बसूनच राहा. मला एवढंच सांगायचं होतं की जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत जाऊ नये, एवढ्यासाठी काकांनी आख्खी नोकरी केली.

त्यांची दुसरी गोष्ट सांगितली तर काकू रागावतील. सांगते तरी. चौतीस वर्षांच्या संसारात काकांनी काकूंना नावानं हाक मारलेली नाही. आपल्याकडं कितीतरी घरांत ही चाल अजून आहे, बायको नवऱ्याचं नाव घेत नाही आणि नवराही बायकोचं घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतात, तेही सगळे मागं लागले म्हणून. काका ऑफिसातनं घरी फोन लावायचे तर म्हणायचे, "ऐकलं का." पलीकडनं काकू म्हणायच्या, "व्हय." एवढ्यावर त्यांचा फोन व्हायचा. काकूंचं नाव इरम्मा आहे, हे मला नोकरीला लागून सहा वर्षांनी रेशनकार्डावरनं कळलं.

हसा, हसा. आम्हीही हसायचो.

आता मी जे सांगणार आहे त्याची सुरुवात या चालीतच आहे, म्हणून हे सांगितलं. साहेब, तुम्ही काल मला म्हणालात, "ताई, उद्या तो विषय नको, चांगलं चांगलं बोला." मी रात्रभर चांगलं चांगलं लिहायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मे महिन्याच्या आठ तारखेला काकांनी जन्म-मृत्यूचा प्रभार माझ्याकडं दिला आणि ते निवृत्तीपर्यंत मागच्या इमारतीत, बांधकामाच्या टेबलाला गेले. प्रभार देताना यादी होते. देणाऱ्यानं सही करायची, घेणाऱ्यानं करायची, वर साहेबांची. लोखंडी कपाट एक. चाव्या दोन. गोल शिक्का. जुनी रजिस्टरं. संगणक, प्रिंटर. काका तोंडानं सांगत होते आणि मी टाइप करत होते. अनुक्रमांक चौदाला आलो. नोंदणीच्या संगणकाचा लॉगिन आणि पासवर्ड. माझ्या नावाचा नवीन लॉगिन मागितला होता, पण तो वरनं आलेला नव्हता. आजपर्यंत आलेला नाही. तोवर काकांच्याच नावानं काम करायचं ठरलं.

मी विचारलं, "काका, पासवर्ड काय?"

"सांगतो नंतर."

थोड्या वेळानं परत विचारलं. ते म्हणाले, "चहा येऊ द्या." चहा आला आणि झालाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "मंजुषाताई, ते मला तोंडानं सांगता यायचं न्हाय."

एक चिटोरा घेतला, त्यावर लिहिलं, उलटा करून माझ्याकडं सरकवला आणि खिडकीतनं बाहेर बघत बसले. "वाचा अन् फाडा. यादीत तोंडी दिला असं लिहा."

चिटोऱ्यावर काकूंचं नाव होतं, आणि पुढं लग्नाचं साल.

पासवर्ड आता बदललाय म्हणून सांगते. काकू, मान खाली घालू नका. पंचवीस वर्षं ज्या टेबलावर गावातली मरणं लिहिली, तिथं रोज सकाळी हा माणूस सगळ्यात आधी तुमचं नाव लिहायचा. मी हसले. काकांचे कान लाल झाले होते.

चिटोरा मी फाडला नाही. यादीत चौदाच्या पुढं "तोंडी दिला" असं टाइप केलं आणि मला ते बरं दिसेना. आपल्या ऑफिसात तोंडी म्हणजे झालंच नाही. बाकी तेवीस रकाने भरलेले आणि एवढाच मोघम. मला वाटलं, साहेब शेरा मारतील, यादी अपूर्ण. म्हणून मी तो खोडला आणि चिटोऱ्यावरचं जसंच्या तसं टाइप केलं. पाच प्रती काढल्या. काकांपुढं ठेवल्या. त्यांना तालुक्याच्या मीटिंगला जायचं होतं, जीप बाहेर हॉर्न वाजवत होती. मी म्हणाले, "काका, सगळं तुम्ही सांगितलं तसंच आहे." तीनदा वाचणाऱ्या माणसानं त्या दिवशी एकदाही वाचलं नाही. माझ्या शब्दावर पाच सह्या केल्या.

पाच प्रती कुठं जातात ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. एक देणाऱ्याला, ती काकांच्या कपाटात पाकिटातच राहिली. एक घेणाऱ्याला. एक साहेबांच्या फाईलला. एक आस्थापना शाखेला. पाचवी सूचना फलकावर. टेबल कुणाकडं आहे हे लोकांना कळावं म्हणून ग्रामपंचायत होती तेव्हापासून आपण ती बाहेर लावतो. चार कोपऱ्यांना चार टाचण्या मी माझ्या हातानं टोचल्या. काकूंच्या नावाचा तो पासवर्ड व्हरांड्यात, पाणीपट्टीच्या नोटिसेशेजारी, पाच आठवडे लागला होता. आपण कुणी तो फलक वाचत नाही. काका तर मागच्या दारानं यायचे. ज्याला वाचायचं होतं त्यानं मात्र तो वाचला.

भागवतराव, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं झाली, खरं आहे. आज ती चिठ्ठी मी बाजूला ठेवते.

तेरा जून. मंगळवार, बाजाराचा दिवस. दुपारचा एक वाजायला आला होता. अयोध्याबाई खिडकीशी आल्या, हातात बाजाराची पिशवी. सत्तरीच्या आहेत, सगळे त्यांना ओळखता. म्हणाल्या, "बाई, जरा बघा वो. रेशनच्या मशीनला माजा अंगठाच लागंना. दुकानदार म्हनतोय, तुमी मेलाव."

त्या स्वतःच हसल्या. मीही हसले. म्हणाले, बघते. त्यांचं नाव टाकलं. पडद्यावर आलं. मयत. दोन जून. राहत्या घरी. आपल्याच कार्यालयाचा नोंदणी क्रमांक, आणि नोंद करणारा म्हणून माणिकप्पा हत्तुरे.

"काय म्हनतंय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. त्यांना माझ्या तोंडावरनं कळलं असणार, कारण नंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारत होत्या, "म्या दिसते न्हवं तुमाला?" सुरुवातीला चेष्टेनं विचारत होत्या. दोन वाजेपर्यंत त्यांच्या आवाजातली चेष्टा गेली होती.

मी महिन्याची यादी उघडली. एकोणीस नोंदी अशा निघाल्या ज्या मी केल्याच नव्हत्या. शिपाई धुळाप्पाला मागच्या इमारतीत पळवलं. काका डबा अर्धा टाकून आले, बोटांना चटणी तशीच. त्यांना दाखवावं म्हणून मी यादी परत उघडली तर एकोणीसच्या वीस झाल्या होत्या. परत उघडली, बावीस.

काका म्हणाले, "कोण भरतंय हे?"

मी म्हणाले, "तुम्ही." कारण समोर तेच लिहिलं होतं.

पुढच्या दोन तासांत काय झालं ते आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलंय, पण कुणी मोठ्यानं बोलत नाही. साहेब धावत आले. "बंद करा, बंद करा" म्हणाले. काय बंद करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. धुळाप्पानं जाऊन मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले, ट्यूबा गेल्या, संगणक काळा झाला. एवढी शांतता त्या ऑफिसात मी कधी ऐकली नव्हती. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. झालं, थांबलं. आम्हाला खरंच तसं वाटलं, की तो आपल्या संगणकात शिरलाय, वीज काढली की बाहेर पडेल. गाईच्या गोठ्याचं दार लावावं तसं आम्ही मेन स्विच ओढला.

मग साहेबांनी मोबाइलवर उघडून बघितलं. सव्वीस. आणि तिथंच उभे असताना सत्तावीस.

पासवर्ड बदलायचा तर त्याचा आकडा एका मोबाइलवर येतो. तो मोबाइल तीन साहेबांपूर्वीच्या साहेबांचा. ते कुठं बदलून गेले ते आम्हाला माहीत होतं, पण तो नंबर आता कुणा दुसऱ्याच माणसाकडं होता आणि त्याला आमचं बोलणं खोटं वाटत होतं. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. जिल्ह्याला फोन लावला तर जेवणाची सुट्टी. काळ्या पडद्यासमोर आम्ही सहा माणसं उभी, आणि बाहेर बाजारात जी माणसं भाजी घेत होती त्यांतली कुठली आत्ता मेली असतील ते आम्हाला कळत नव्हतं. काका सारखे म्हणत होते, "नावं वाचा, नावं तरी वाचा." साहेब मोबाइलवरनं नावं वाचत होते आणि काका प्रत्येक नावाला सांगत होते, हा जिवंत आहे, ही सकाळी दळण घेऊन चालली होती, हा माझ्या वर्गात होता.

शेवटी जिल्ह्याला फोन लागला आणि पावणेचारला त्यांनी तिकडनं लॉगिन बंद केला. एकूण नोंदी चौतीस. चौतिसावं नाव साहेबांनी वाचलं नाही. मोबाइल काकांच्या हातात दिला.

माणिकप्पा शंभुलिंग हत्तुरे. मृत्यूचा दिनांक, तेरा जून. माहिती देणाऱ्याचं नाव, इरम्मा. नातं, पत्नी.

काकांनी ते बोट फिरवत वाचलं. सवयीनं तीनदा वाचलं. मग म्हणाले, "वय बरोबर लिहिलंय." आणि खाली बसले.

मंडळी, कुणी केलं ते आजही माहीत नाही. सायबरच्या साहेबांनी सांगितलं, नाव-गाव कळायला वेळ लागेल, कदाचित कळणारही नाही. पहिला फलक वाचणारा इथलाच असणार, नंतर भरणारा कुठल्या गावचा, कुठल्या देशाचा, सांगता येत नाही. कुणाच्या जमिनीसाठी एक-दोन नावं मारायची होती आणि बाकीची ती लपवायला, असं त्यांना वाटतं. तसं असेल किंवा नसेल. या हॉलमध्ये तो आत्ता बसला असेल, तरी मला ओळखता येणार नाही. तुम्हाला सगळ्यांना नमस्कार केला ना मी मघाशी, तेव्हा माझ्या मनात तेच आलं.

तेव्हापासून मला ऑफिसात बसवत नाही. जिकडं बघावं तिकडं मला उघडी दारं दिसतात. वायफायचा पासवर्ड आपण पाण्याच्या टाकीशेजारी ऑइल पेंटनं लिहिलाय, येणाऱ्या पाहुण्यांची सोय म्हणून. साहेबांच्या सहीचं डोंगल खिळ्याला सुतळीनं टांगलेलं असतं आणि त्याचा आकडा त्यालाच चिकटपट्टीनं चिकटवलेला. नेट बंद पडलं की आपण समोरच्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊन कामं करतो आणि लॉगिन तसाच उघडा ठेवून येतो. व्हायरसच्या इशाऱ्याचा पिवळा चौकोन दोन वर्षं रोज येतोय, आपण रोज तो कोपऱ्यातली फुली दाबून घालवतो. टेबलाच्या काचेखाली देवाच्या फोटोशेजारी ज्यांनी ज्यांनी चिटोरा ठेवलाय त्यांनी हात वर करू नका. मी मोजलेत. माझ्यासकट नऊ आहेत.

आणि घरचं सांगते. रोज सकाळी ऑफिसात गेल्यावर मी मृत्यूच्या यादीत सगळ्यात आधी माझ्या लेकीचं, अक्षदाचं नाव शोधते. ती यंदा अकरावीला आहे, घरून निघताना तिला डबा देऊन आलेली असते मी. तरी शोधते. नाही सापडलं की चहा घेते.

चौकशी झाली. काकूंना बोलावणं आलं, कारण माहिती देणारी म्हणून त्यांचं नाव होतं. मी दारात उभी होते. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "बाई, नवरा मेल्याची खबर तुम्ही दिली का?" काकूंना पहिल्यांदा कळेनाच. कळलं तेव्हा त्यांनी पदर तोंडात धरला. साहेबांनी परत विचारलं. तेव्हा काका उभे राहिले आणि म्हणाले, "इरम्मानं काही कळवलं नाही, साहेब. इरम्माला यातलं काही माहीत नाही."

काकूंनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. लग्नानंतर काकांनी पहिल्यांदा नाव घेतलं ते असं, चौकशीच्या खोलीत, चार परक्या माणसांपुढं.

मग चौकशीच्या साहेबांनी काकांना विचारलं, पासवर्ड बाहेर कसा गेला? पहिला परका वापर नऊ मेचा आहे. आठ तारखेला मी यादी लावली होती. काकांनी क्षणभर दाराकडं, माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. म्हणाले, "पासवर्ड माझा. कागदावर लिहून मी दिला. जबाबदारी माझी."

त्यांनी खोटं काहीच सांगितलं नाही. चिटोरा त्यांनीच लिहिला होता. पण त्यापुढचं ते बोलले नाहीत, आणि मीही बोलले नाही. मी कशी बोलणार? तेरा तारखेला, मेन स्विच खाली ओढल्यावर सगळे मोबाइलभोवती गोळा झाले होते, तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन फलकावरची यादी काढली होती. ती त्या वेळी माझ्या पर्समध्ये होती.

सतरा दिवस मी गप्प बसले. माझी चौदा वर्षांची नोकरी राहिलीय. निलंबन, विभागीय चौकशी, लोकांची तोंडं, अक्षदाला कॉलेजात कुणी काय म्हणेल, हे सगळं मी रोज मनात घोळवलंय. माझे यजमान मागं दाराशी उभे आहेत. त्यांनाही हे आत्ताच कळतंय. त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत नाही.

मी कदाचित आणखीही गप्प बसले असते. परवा इरम्माकाकू घरी आमंत्रणाला आल्या. माझ्या कपाळाला कुंकू लावलं. निघताना उंबऱ्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "यव्वा, तुमी त्यांच्या टेबलाला हाव म्हणून इचारते. लोक म्हनत्यात ह्यांनी पैसं खाऊन खोट्या नोंदी केल्या. तुमी लई दिस बघितलंय त्यांना. तुमी तरी सांगाल का कुनाला तरी?"

मी म्हणाले, सांगते. त्यांना वाटलं मी अशीच म्हणाले.

आज आपण ज्यांना शाल आणि श्रीफळ दिलं ते आपल्या दप्तराप्रमाणे तेरा तारखेला वारलेत. अयोध्याबाईंची नोंद रद्द झाली, त्यांना परवा धान्य मिळालं. बाकीच्यांच्याही होतायत. काकांची झालेली नाही, कारण त्यांच्यावरच चौकशी आहे. त्यांच्या निवृत्तीचे कागद वरनं परत आले, त्यावर शेरा आहे, कर्मचारी मयत, वारसानं अर्ज करावा. काकांनी तो शेराही फाईलला लावून, पृष्ठ क्रमांक घालून ठेवलाय. आणि चौकशीचा अहवाल साहेबांच्या टेबलावर आहे, सोमवारी सही व्हायची. त्यात लिहिलंय, पासवर्ड उघड करण्यास श्री. हत्तुरे सर्वस्वी जबाबदार.

साहेब, तसं नाही. हा तो कागद. चारी कोपऱ्यांना टाचणीची भोकं आहेत, अनुक्रमांक चौदा वाचा. हीच यादी तुमच्या फाईललाही आहे, आणि त्यावर तुमचीही सही आहे. वाचून केली असती तर तुम्हाला तेव्हाच दिसलं असतं. पण तुम्ही माझ्यावर रागावलात तर ते मला आत्ता, सगळ्यांसमोर चालेल. सोमवारी बंद खोलीत मला ते निभावणार नाही.

सोबत माझा जबाब आहे. चार ओळींचा आहे. पासवर्ड मी टाइप केला, मी फलकावर लावला, आणि नंतर मीच काढून लपवला. सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या तो पाकिटात घालून मी आवक टेबलावर दिला आणि क्रमांक घेतला. भागवतराव, तुम्ही शिक्का मारलात, आत काय आहे ते विचारलं नाहीत. मुद्दामच तसं केलं. एकदा आवक झाला की भीती वाटली तरी परत मागता येत नाही. ही त्याची दुसरी प्रत.

खुर्च्या मांडणाऱ्या सफाईच्या बायकांचे आभार. लाउडस्पीकरवाल्यांचे आभार, आज आवाज एकदाही गेला नाही. गोरोबा गुरुजींनी एवढ्या उन्हातनं येऊन आमचा मान राखला, त्यांचे आभार. लांबनं आलेल्या पाहुण्यांना जेवायला उशीर झाला, तो माझ्यामुळं. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तोंडातनं वाकडा शब्द गेला असेल, तर लहान समजून पदरात घ्या. त्या कागदाचं मात्र तसं करू नका, त्याची रीतसर चौकशी करा. काकू, तुमच्याकडं मी घरी येईन. तुम्ही दार उघडलंत तर आत येईन.

काका, जबाबाची ही प्रत साहेबांच्या आधी तुमच्या हातात देते. त्या दिवशी जीप हॉर्न वाजवत होती आणि तुम्ही माझ्या शब्दावर न वाचता सही केलीत. आज जीप नाही. आज वाचा, तीनदा वाचा.

काकू, त्यांचा चष्मा तुमच्या पिशवीत असेल तर तेवढा काढून द्या.